मांजर-कुत्र्यांचे डोळे आले, तर घरी काय करावे आणि काय टाळावे

पावसाळा सुरू झाला की घोडबंदर रस्त्याकडच्या आमच्या सोसायट्यांमध्ये, विशेषतः जिथे आवारातल्या मांजरांना आणि कुत्र्यांना नेमाने खाऊ घालणारी माणसे आहेत तिथे, एक प्रश्न हमखास येतो. पिलाचे डोळे चिकटले आहेत, पू येतो आहे, काही घरगुती उपाय आहे का? विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. दवाखान्याचा खर्च असतो, रविवारी दवाखाना बंद असतो, कुत्रा पाहून रिक्षावाला नकार देतो आणि मांजर तर बास्केट दिसताच पलंगाखाली जाऊन बसते. शिवाय आपल्या घरांत माणसांचे डोळे आले की धण्याचे पाणी, गुलाबपाणी, दुधात भिजवलेल्या कापसाची घडी हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत, त्यामुळे तेच मुक्या जनावराला करून पाहावे असे वाटणे स्वाभाविक आहे. मी अनेक वर्षे आवारातली मांजरे सांभाळत आले आहे आणि माझ्या घरीही मांजरे आहेत, म्हणून हा प्रश्न माझ्यापर्यंतही येतो. घाईघाईत फोनवर दिलेले उत्तर अपुरे पडते, यासाठी ते येथे सविस्तर लिहिते आहे.

माझे मत आधीच स्पष्टपणे मांडते. घरच्या घरी निर्धास्तपणे करता येईल असा उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे निर्जंतुक सलाइनने डोळा स्वच्छ ठेवणे. त्यापलीकडे घरी जे करायचे ती शुश्रूषा आहे: जनावराला डोळा खाजवू न देणे, धूळ आणि धूर यांपासून दूर ठेवणे, त्याचे खाणेपिणे सुरू ठेवणे आणि डोळ्यात होणारा बदल बारकाईने पाहणे. डोळ्याच्या आत कोणते औषध घालायचे, हे मात्र डोळा तपासल्याशिवाय कोणालाही ठरवता येत नाही. ही केवळ डॉक्टरांची भीड नव्हे. त्यामागे ठोस कारण आहे.

लाल डोळा आणि चिपडे ही लक्षणे आहेत, तो एक ठरावीक आजार नाही. मांजरांमध्ये डोळे येण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे मांजरांचा हर्पीस विषाणू. लहानपणी एकदा त्याची लागण झाली की तो बहुतेक मांजरांच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूत आयुष्यभर दडून राहतो आणि घर बदलणे, नवे मांजर येणे, आजारपण, बाळंतपण अशा ताणाच्या प्रसंगी पुन्हा डोके वर काढतो. शिंका, वाहते नाक आणि पाणावलेले डोळे एकत्र दिसले की बहुधा हाच संशय असतो. त्याच्या जोडीला क्लॅमिडिया नावाचा जिवाणू असतो. त्याची लागण पुष्कळदा आधी एका डोळ्यात दिसते, पापणीच्या आतला गुलाबी भाग सुजून फुगतो आणि काही दिवसांत दुसराही डोळा तसाच होतो. यावर नुसते थेंब पुरत नाहीत. पोटातून द्यायचे प्रतिजैविक साधारण चार आठवडे द्यावे लागते, आणि घरात अनेक मांजरे असतील तर सगळ्यांना द्यावे लागते. डोळा पाचव्या दिवशी स्वच्छ दिसला म्हणून गोळ्या थांबवल्या, की महिन्याभरात तोच प्रकार पुन्हा उभा राहतो. या आजारासाठी बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात. ही गोळी मांजराला कोरडी गिळायला लावू नये, तिच्यामागून सिरिंजने थोडे पाणी द्यावे किंवा ओले खाणे भरवावे, कारण ती अन्ननलिकेत अडकून राहिली तर तेथे जखम होऊन नलिका आक्रसू शकते.

कुत्र्यांची गोष्ट वेगळी आहे. कुत्र्याच्या डोळ्यात स्वतंत्रपणे, काहीही कारण नसताना जंतुसंसर्ग होणे हे तुलनेने कमी वेळा घडते. बहुतेक वेळा दुसरे काहीतरी बिघडलेले असते आणि जंतू त्यावर नंतर वाढतात. पापणी आतल्या बाजूला वळलेली असते, एखादा केस बुबुळाला घासत असतो, ॲलर्जी असते, किंवा अश्रू तयार होणेच कमी झालेले असते. हा शेवटचा प्रकार, म्हणजे डोळा कोरडा पडणे, आमच्याकडच्या फ्लॅटमध्ये घरोघरी असणाऱ्या पग आणि शित्झू जातींमध्ये पुष्कळ आढळतो. यात चिकट, पिवळट-हिरवट चिपडे सतत येतात, लोक ती महिनोन्‌महिने पुसत राहतात आणि मूळ आजार तसाच वाढत जातो. त्याची तपासणी अगदी साधी असते. खालच्या पापणीत कागदाची एक पट्टी मिनिटभर ठेवतात आणि ती किती मिलिमीटर भिजली ते पाहतात. 15 किंवा त्याहून अधिक असेल तर अश्रू पुरेसे आहेत असे मानतात, आणि 10 पेक्षा कमी असेल तर डोळा कोरडा असल्याची दाट शंका येते. अशा कुत्र्याला दीर्घकाळ, बहुधा जन्मभर, अश्रू वाढवणारे औषध लागते, आणि ते वेळेवर सुरू झाले तर त्याची दृष्टी टिकते.

पावसाळा संपता संपता येऊरच्या बाजूला कुत्र्यांना फिरायला नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाळलेल्या गवताचे कुसळ तिसऱ्या पापणीच्या, म्हणजे डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात आत असणाऱ्या पडद्याच्या, मागे जाऊन बसते आणि वरून काहीच दिसत नाही. कुत्रा फिरून आल्यावर अचानक एकच डोळा घट्ट मिटून घेत असेल, तर तो डोळा आला आहे असे समजून वाट पाहू नये. कुसळ काढावेच लागते, आणि ते भूल देणारे थेंब घालून डॉक्टरच काढतात. गोचीड तापात डोळ्याच्या आतल्या भागाला सूज येते आणि बाहेरून दिसतो तो फक्त लाल डोळा. लस न दिलेल्या पिलाच्या डोळ्यांतून आणि नाकातून घट्ट स्राव येत असेल, ते खोकत असेल, मलूल असेल, तर डिस्टेंपर या विषाणूजन्य आजाराचा विचार आधी करावा लागतो. तेथे डोळा हा केवळ दिसणारा भाग असतो, खरा धोका जिवाला असतो.

इतक्या वेगवेगळ्या आजारांचे रूप एकच असते, म्हणून एकाच्या कुत्र्याला लागू पडलेले औषध दुसऱ्याच्या मांजराला द्यायचे नसते. यात सर्वांत घातक ठरते ते घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब किंवा मलम. माणसांच्या डोळ्यांच्या अनेक औषधांत प्रतिजैविकाबरोबर डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड मिसळलेले असते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, कुत्र्या-मांजरांत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. त्यावर ओरखडा किंवा व्रण असेल तर स्टेरॉइडमुळे तो भरून येत नाही, उलट खोल जातो. जंतूंशी लढण्याची तेथली शक्ती कमी होते आणि मांजराच्या बाबतीत दबलेला हर्पीस उसळतो. गंमत वाटावी अशी नव्हे तर घाबरावे अशी बाब ही, की पहिल्या दिवशी लाली उतरते आणि मालकाला बरे वाटते. जंतूंनी पोखरलेला व्रण चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पडदा वितळवून आरपार जाऊ शकतो.

व्रण आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणूनच डॉक्टर रंगाची तपासणी करतात. ती मी जवळून पाहिलेली आहे. नारिंगी टोकाची कागदी पट्टी सलाइनच्या थेंबाने ओली करून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला अलगद टेकवली जाते, मांजर एकदोनदा पापण्या मिटते, आणि डोळाभर पिवळसर हिरवा रंग पसरतो. मग सलाइनने डोळा धुऊन खोलीतला दिवा मालवतात आणि निळा प्रकाश पाडतात. पडदा धड असेल तर रंग वाहून गेलेला असतो. व्रण असेल तर नेमका तेवढाच भाग, कधी टाचणीच्या डोक्याएवढा, कधी फांद्या फुटलेल्या रेषेसारखा, हिरवा चमकतो. ही फांद्यांची रेषा हर्पीसची खूण असते. सगळ्या तपासणीला काही मिनिटे लागतात, आणि त्यानंतरच कोणते थेंब चालतील हे ठरते. दवाखान्यात डोळा लाल आहे म्हणून रंग न घालता थेंब लिहून दिले गेले, तर ‘डॉक्टर, रंगाची तपासणी करून घेऊ या का?’ असे विचारण्यात अनादर मुळीच नाही.

आता स्वयंपाकघरातल्या उपायांविषयी. हळदीचे पाणी हा सर्वांत जास्त सुचवला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत त्रासदायक उपाय आहे. हळद पाण्यात विरघळत नाही. तिचे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात आणि सुजलेल्या डोळ्यात ते कण पापणीखाली घासले जातात. गुलाबपाण्याच्या बाटलीवर काहीही लिहिलेले असो, ते बहुधा चेहऱ्यासाठी बनवलेले असते, निर्जंतुक नसते आणि त्यात सुगंधी द्रव्ये असतात. दूध, गाईचे असो वा आईचे, जंतूंना वाढायला उत्तम अन्न पुरवते. चहाचे पाणी, धण्याचे पाणी आणि त्रिफळ्याचा काढा यांची अडचण सारखीच आहे: ते कितीही गाळले तरी घरच्या भांड्यात निर्जंतुक राहत नाहीत आणि त्यांत सूक्ष्म गाळ असतोच. आयुर्वेदाविषयी मला आदर आहे, पण माणसाला सांगितलेले नेत्रधावन मांजराच्या व्रण पडलेल्या डोळ्याला जसेच्या तसे लागू करणे हा काही आयुर्वेद नव्हे. मध, तूप, एरंडेल, खोबरेल हेही घालू नये. बोरिक पावडर जुन्या पिढीत फार प्रचलित होती. कोमट पाण्यात ती घालून डोळे शेकत असत. मांजर मात्र अंगाला लागलेले सर्व काही चाटून पोटात घेते, आणि बोरिक पोटात जाणे विषारी आहे. कापूर, निलगिरीचे तेल यांच्या वाफा देण्याचा विचारही करू नये.

माणसांचे ‘लाली घालवणारे’ थेंब हा आणखी एक धोका. त्यांतली काही औषधे रक्तवाहिन्या आकुंचित करतात, आणि कुत्र्याने ती बाटली चावली तर हृदयाचे ठोके मंदावून रक्तदाब घसरू शकतो. वेदना होत असतील म्हणून पॅरासिटामॉल देण्याची चूक तर कधीच होऊ नये. मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही आणि एका गोळीनेही मांजर दगावू शकते. कुत्र्याला आयब्युप्रोफेन दिल्यास त्याच्या पोटावर आणि मूत्रपिंडांवर परिणाम होतो. हर्पीससाठी लायसिन या अमिनो आम्लाची पावडर देण्याचा सल्लाही अजून फिरत असतो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यात उपलब्ध अभ्यास तपासून लायसिन मांजरांच्या हर्पीसवर परिणामकारक नाही असा निष्कर्ष काढला गेला, तेव्हा त्यावर पैसे खर्च करण्याऐवजी ते तपासणीसाठी ठेवावेत.

आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा मला अगदी कळकळीने विचारले होते, ‘अगं, मग त्या बिचाऱ्याच्या डोळ्यात काहीच घालायचं नाही का?’ घालायचे, काकू, पण फक्त सलाइन. औषधाच्या दुकानात ‘नॉर्मल सलाइन’ म्हणून 0.9 टक्के मिठाच्या निर्जंतुक पाण्याची लहान बाटली मिळते. कॉन्टॅक्ट लेन्स साफ करण्याचे द्रावण घेऊ नये, त्यात डोळ्याला झोंबणारे रासायनिक पदार्थ असतात. रात्रीच्या वेळी काहीच मिळत नसेल तर अर्धा लिटर पाणी उकळून त्यात साडेचार ग्रॅम साधे मीठ, म्हणजे चहाचा सपाट पाऊण चमचा, विरघळवावे आणि ते झाकून कोमट होऊ द्यावे. ते त्याच दिवशी वापरून उरलेले टाकून द्यावे. मीठ अंदाजे मूठभर टाकले तर डोळा भाजल्यासारखा झोंबतो, म्हणून माप महत्त्वाचे आहे.

चिकटलेला डोळा उघडणे हे घाईचे काम नाही. मांजराला टॉवेलमध्ये पाय आत राहतील असे गुंडाळावे आणि त्याची पाठ आपल्या पोटाशी टेकवून मांडीवर घ्यावे. समोरून हात आला की ते घाबरते, मागून आला की बहुधा स्थिर राहते. कापसाचे तंतू डोळ्यात अडकतात, त्यामुळे गॉझची घडी घ्यावी. ती कोमट सलाइनमध्ये भिजवून मिटलेल्या पापण्यांवर नुसती ठेवून द्यावी आणि दोनतीन मिनिटे काहीही करू नये. खपली आधी काळपट आणि कडक असते, मग कडेने पिवळी आणि लिबलिबीत होते, आणि गॉझ हलकेच ओढली की ती केसांसकट न तुटता गॉझबरोबर निघून येते. नखाने खपली काढली तर पापणीची त्वचा सोलली जाते. खपली निघाल्यावर नाकाच्या बाजूने बाहेरच्या कोपऱ्याकडे एकदा पुसून ती घडी टाकून द्यावी. पुढच्या वेळी नवी घडी, दुसऱ्या डोळ्यासाठी तर नवीच. दिवसातून तीनचार वेळा एवढे केले तरी जनावराला पुष्कळ आराम पडतो. वास येत नाही म्हणून मांजर जेवत नाही, तेव्हा त्याच वेळी नाकही पुसावे आणि खाणे किंचित कोमट करून द्यावे. पग किंवा शित्झूला धरताना मात्र मान आवळू नये, कारण त्यांच्या डोळ्यांच्या खोबण्या उथळ असतात आणि दाब पडल्यास डोळा बाहेर येऊ शकतो. भांडणात तसे झालेच तर डोळा आत ढकलण्याचा प्रयत्न न करता, सलाइनने भिजवलेली गॉझ त्यावर ठेवून तसेच दवाखान्यात धावावे.

डॉक्टरांनी थेंब लिहून दिल्यावर आधी डोळा पुसावा आणि मगच औषध घालावे, नाहीतर ते चिपडांवरच राहते. दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये पाच ते दहा मिनिटे जाऊ द्यावीत, आणि मलम नेहमी शेवटी लावावे. बाटलीचे टोक डोळ्याला टेकवू नये. गळ्यात घालायची प्लास्टिकची कॉलर जनावराला आवडत नाही आणि आपल्याला त्याची कीव येऊन ती काढावीशी वाटते, पण पंजाने घासलेला डोळा एका रात्रीत कितीतरी पटीने बिघडतो.

काही चिन्हे दिसली की सलाइनवर वेळ काढू नये. डोळा सतत मिटलेला असणे, बुबुळावर निळसर-पांढरट ढग दिसणे, ज्याला आपण फूल पडणे म्हणतो, दोन्ही बाहुल्यांचा आकार वेगळा असणे, डोळा मोठा किंवा पुढे आलेला वाटणे, रक्त दिसणे, जनावर वस्तूंना धडकू लागणे. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढून एकदोन दिवसांत दृष्टी कायमची जाते, तेव्हा ‘सोमवारी बघू’ हे तेथे चालत नाही. या चिन्हांपैकी काहीच नसेल, जनावर खातेपिते असेल आणि डोळा उघडा असेल, तर सलाइनने पुसत एखादा दिवस पाहायला हरकत नाही. चोवीस तासांत फरक दिसला नाही तर दाखवावे. आपल्याकडच्या नेहमीच्या डॉक्टरांना गुंतागुंत वाटली, तर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातले बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय हा जुना पर्याय आहे. हे महाविद्यालय 1886 पासून चालू आहे. ठाण्याहून जायला वेळ लागतो, हे खरे, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून वेळ विचारून घ्यावी.

अगदी लहान पिलांविषयी वेगळे सांगायला हवे, कारण पावसाळ्यात गाडीखाली आणि मीटरच्या खोलीत सापडतात ती बहुधा हीच. मांजराच्या पिलाचे डोळे साधारण जन्मानंतर दुसऱ्या आठवड्यात उघडतात. त्याआधी मिटलेल्या पापणीखाली फुगवटा दिसत असेल किंवा कोपऱ्यातून पू झिरपत असेल, तर आत पू साठतो आहे आणि तो बाहेर न निघाल्यास बुबुळ खराब होते. कोमट सलाइनची घडी ठेवत त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. पापणी आपण बळाने उघडू नये. अशी पिले वेळेवर उपचार मिळाल्यावर दोन्ही डोळ्यांनी धडधाकट पाहणारी मांजरे होतात, हे मी वारंवार पाहिले आहे, आणि उशीर झालेली पिलेही आमच्या आवारात आहेत.

आवारातल्या ज्या कुत्र्याला किंवा मांजराला हात लावता येत नाही, त्याच्यासाठी थेंबांचा आग्रह धरून उपयोग नाही. त्याचा फोटो आणि व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवावा आणि खाण्यातून देता येईल असे औषध आहे का ते विचारावे. ते औषध एकट्याच्या ताटलीत, आपल्यासमोर संपेल असे द्यावे. मेट्रोच्या कामामुळे आमच्या रस्त्यावर धूळ पुष्कळ असते, तेव्हा खाण्याची जागा रस्त्याच्या कडेवरून आत, इमारतीच्या मागे हलवली तरी डोळ्यांची जळजळ कमी होते.

घरात अनेक मांजरे असतील तर आजारी मांजराची ताटली, अंथरूण आणि खोली वेगळी करावी आणि त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर माणसांची डोळ्यांची साथ आली तेव्हा ती पाळीव मांजरांमुळे पसरते का, अशी शंका अनेकांनी मला विचारली. मांजरांचा हर्पीस माणसाला होत नाही. मांजरांचा क्लॅमिडिया माणसाच्या डोळ्याला क्वचित होऊ शकतो, एवढ्यासाठी तरी हात धुणे आवश्यक आहे. मांजरांच्या नेहमीच्या तिहेरी लसीत हर्पीस आणि कॅलिसी या दोन्ही विषाणूंचा समावेश असतो. ती लागण पूर्णपणे रोखत नाही, पण आजार सौम्य करते. पिलांना ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत तीनचार आठवड्यांच्या अंतराने द्यायची असते, आणि कुत्र्याच्या पिलांची डिस्टेंपरची लसही साधारण याच वेळापत्रकाने चालते, म्हणून आवारात नवी पिले दिसली की खाऊबरोबर त्यांच्या लसीच्या तारखाही कोणीतरी एकाने वहीत लिहून ठेवाव्यात.